सात पंख धागा

सावल्या विकायला लागल्याचे चौथे वर्ष चालू होते. वैशाख शुद्ध पंचमी होती. ऊन असे कडक की प्रत्येक वस्तूची सावली जमिनीवर कोरल्यासारखी पडे, आणि म्हणून बाजार तेजीत होता.

त्या मुलखात वस्तू कोणी विकत घेत नसे. वस्तू झिजते, तिला ठेवायला जागा लागते, तिची निगा राखावी लागते. म्हणून नुसती सावली विकायची. घरट्याची, फळाची, मोराच्या पिसाऱ्याची. घेणाऱ्याला एक पान मिळे, त्यावर किड्याने पाडलेली भोके असत. भोकांचा अर्थ असा की अमुक सावली अमक्याची. त्या सावलीत कोणीही बसावे, तिच्यावरून कोणीही चालत जावे. मालकाला अडवता येत नसे. तो पान छातीशी धरून उभा राही आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, ही माझी. संध्याकाळी सावली जाई, पान राही. एवढ्यावर तो खूश असे.

केरबा शिंपी या धंद्यात नव्हता. भोकराच्या झाडावर राहणारा तो म्हातारा पक्षी. पानांच्या कडा जुळवायच्या, चोचीने भोके पाडायची, धागा ओवून खोळ शिवायची आणि तिच्यात पिल्ले वाढवायची, एवढे त्याला येत होते. ते मात्र असे येत होते की वारा पानाला हलवी, टाक्याला नाही. शिंप्यांच्या जातीत एक रीत होती. घातलेला टाका उसवायचा नाही. पान वाळेल, गळेल, टाका त्याच्याबरोबर मातीत जाईल. उसवणारा शिंपी म्हणजे दिलेला शब्द गिळणारा.

चैत्रात केरबाने पाने जुळवली तेव्हा धागाच नव्हता. शेवरीचा सगळा कापूस बाजाराने उचलून कोठारात टाकला होता. शेजारच्या बेचक्यात सगुणा कोळीण राहत असे. तिने काही न विचारता स्वतःचे जाळे सोडले आणि पंखाच्या मापाने सात पंख धागा त्याच्यापुढे ठेवला.

"घे. पिल्लांचं आधी बघ."

"वैशाखी पुनवेच्या आत परत करीन."

"मी मागितलं का?"

"मी सांगतोय."

त्यानंतर सगुणा चार दिवस उपाशी होती. शिंपी कोळी खातात. पण ज्याचे घेतले त्याला खायचे नाही, इतपत केरबाला कळत होते.

आता सगुणाचे पोट अंड्यांनी जड झाले होते आणि म्हातारपणी अंगातला धागा आटला होता. अंडी धाग्यात गुंडाळली नाहीत तर मुंग्या नेतात. केरबाने पाहिले आणि तो बाजारात गेला. धागा तिथेच होता, आणि तो सावली विकणाऱ्यालाच मिळत होता. आपल्या खोळीची सावली एकदा विकायची, सात पंख घ्यायचे, पुन्हा तिकडे तोंड करायचे नाही, असे त्याने ठरवले.

बाजारात तो एका दगडावर बसला. एक साळुंकी आली.

"खोळीची सावली? बरी आहे. ठिपका कुठंय तुमचा?"

"कसला ठिपका?"

"गळ्यावरचा, निळा. तो असला म्हणजे तुम्ही तुम्हीच आहात, असं धरतात."

"मी मीच आहे. काम बघा, बाई."

"काम काय बघायचं? काम कोणीही करतं," साळुंकी म्हणाली आणि शेजारच्या दगडाकडे गेली. तिथे एक निळ्या ठिपक्याचा होला काटक्यांच्या पसाऱ्याची सावली विकत होता. त्याच्यापुढे रांग होती.

ठिपका वारुळाच्या तोंडाशी मिळे. वारुळात मालक आहे असे म्हणत, पाहिला कोणीच नव्हता. तोंडाशी आप्पाजी सरडा बसे. केरबाने आपले नाव, झाड आणि काम सांगितले. सरड्याने मान हलवली, पुन्हा हलवली. केरबा घरी आला.

"झालं काम," त्याने सगुणाला सांगितले.

तीन दिवस तो ठिपक्याची वाट पाहत बसला. सरड्याची मान होकाराने हलत नाही, ती नुसती हलते, हे बाजारात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. केरबाला नव्हते. त्याच्या जातीत मान एकदाच हलवतात आणि मग ते काम होते.

नवमीला तो पुन्हा गेला. सरड्याने त्याला ओळखलेच नाही.

"स्वतःची सावली आणली का? मापावी लागते."

वारुळाची ही कचेरी भर दुपारी उघडे. केरबाने पायाखाली पाहिले. सावली बोराएवढी होती.

"ही फार लहान आहे," सरडा म्हणाला.

"दुपारी एवढीच पडते."

"मग सकाळी या."

"सकाळी तुमचं बंद असतं."

"असतं," सरडा म्हणाला आणि मान हलवली. "आणि तुम्हाला ओळखणारे शंभर आणा. शंभराच्या आत आम्ही बघत नाही."

केरबाला ओळखणारे सात होते. सातही जण त्याच्या टाक्याखाली वाढलेले, पण ते मोजणीत धरण्याइतके नव्हते. कचेरीबाहेर मुंग्यांचा एक तांडा बसला होता. मुकादम मुंगी पुढे आली.

"एका अळीला शंभर ओळखी, बाबा. ताज्या अळीला दीडशे."

"या मला ओळखतात?"

"अळी दिली की ओळखतील."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या. तो होला बघा, त्याला हजार जणी ओळखतात. त्याच्या झाडावर एकही गेलेली नाही."

केरबा थुंकला आणि परतला. घरी मुंग्यांची एक ओळ भोकराच्या बुंध्याशी येऊन थांबली होती. त्या सगुणाच्या बेचक्याकडे बघत होत्या. घाई नव्हती त्यांना.

त्रयोदशीला तो तिसऱ्यांदा गेला. या वेळी सरड्याने मान स्थिर ठेवली.

"केरबा शिंपी? ते तर झाले. कालच ठिपका दिला."

"कोणाला?"

सरड्याने शेपटीने दाखवले. उंच दगडावर रंगराव कोतवाल बसला होता. काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा, हरेक पक्ष्याचा आवाज काढणारा. गळ्यावर निळा ठिपका होता. तो केरबाच्या आवाजात, केरबाच्या नावाने, भोकरावरच्या खोळीची सावली विकत होता. टाका कसा घालतो तेही सांगत होता. छान सांगत होता. केरबाला स्वतःला तसे सांगता आले नसते.

"तो कोतवाल आहे," केरबा म्हणाला. "पान आणा. मी शिवून दाखवतो, त्यालाही शिवायला सांगा."

"इथे शिवून कोणी दाखवत नाही," सरडा म्हणाला. "त्यांची सावली लांब भरली. ओळखी चारशे आहेत. तुमचं काय आहे?"

केरबाने चोच पुढे केली.

"म्हातारे आहात म्हणून एक करतो," सरडा खालच्या आवाजात म्हणाला. "तुम्हाला अर्धा ठिपका देतो. केरबासारखा, अशी नोंद करू. खूप जण घेतात."

"तुझ्या आईने तुला अर्धाच घातला होता का?" केरबाने विचारले आणि उडाला.

पुनवेच्या दिवशी सकाळी पिल्ले खोळीतून उडाली. केरबाने त्यांना जाऊ दिले, मागे वळून पाहू दिले नाही. मुंग्या पहिल्या फांदीपर्यंत आल्या होत्या. सगुणा बेचक्यात अंग आवळून बसली होती.

भोकराखाली मात्र गर्दी होती. सावली घेतलेले आले होते. साळुंकी होती, होला होता, आणखी बरेच होते. कडेला दगडावर बसलेल्या कोतवालाने एकच सावली नऊ जणांना विकली होती. नऊ जण नऊ पाने धरून जमिनीवरच्या त्या एका खोळीच्या आकाराभोवती भांडत होते.

"माझ्या पानावर भोकं जास्त आहेत."

"भोकं काय मोजतेस? ठिपकेवाल्याकडून घेतलंय मी."

"मी पण त्याच्याकडूनच घेतलंय, शहाण्या."

केरबा खोळीवर उतरला. त्याचे सारे टाके एकाच धाग्याचे असत. त्याचे टोक तो अशा जागी दडवी की ते त्याच्याशिवाय कोणाला सापडू नये. त्याने डोळे मिटले. आयुष्यात त्याने कधी टाका उसवला नव्हता. मग चोच बरोबर त्या जागी घातली आणि ओढले.

धागा एका ओढीत आला. कुठे अडला नाही, कुठे तुटला नाही. खाली जमिनीवर खोळीचा आकार सैल झाला, कडेला फाकला, आणि झाडाच्या इतर पानांसारखी साधी पाने तिथे हलू लागली. नऊही जण क्षणभर थांबले. त्यांनी जमिनीकडे पाहिले, छातीशी धरलेल्या पानाकडे पाहिले, आणि कोतवालाच्या गळ्यावरचा ठिपका अजून निळा आहे ना हे पाहिले. तो निळा होता. ते पुन्हा भांडू लागले. वर कोणी पाहिले नाही.

केरबाने धागा बेचक्यात नेला आणि पंख पसरून सगुणासमोर मापला. सात भरले.

सगुणाने टोक धरले आणि अंडी गुंडाळायला घेतली.