न कळलेली सवलत

एका नदीकाठच्या नगरात एकदा एक वृद्ध न्यायाधीश राहत होते. लोक त्यांना आचार्य म्हणत. राज्याचे नियम शब्दबद्ध करण्याचे काम त्यांनी आपला शिष्य नीलकंठ याच्यावर सोपवले होते. नीलकंठ बुद्धिमान होता, आणि कमीत कमी शब्दांत नियम बसवण्याची त्याला मोठी हौस होती.

त्या वर्षी पुराच्या दिवसांत अंधारात दोन नावा बुडाल्या. राजाने नियम करायला सांगितले. नीलकंठाने लिहिले, ‘सूर्यास्तोत्तर नौकासंचार निषिद्ध. प्राणात्ययप्रसंगी अनुज्ञेय.’ पंडितांनी माना डोलावल्या. काठाकाठाने दवंडी पिटली गेली.

पुढे काही दिवसांनी एक कुंभार हैबती नावाच्या नावाड्याला घेऊन न्यायसभेत आला. रागाने त्याचा आवाज कापत होता.

“आचार्य, माझी बायको अडली होती. सुईण पलीकडच्या तीरावर. दिवस नुकता मावळला होता. मी याच्या पाया पडलो, पण यानं नाव सोडली नाही. पोर वाळूवर जन्माला आलं. देवाच्या दयेनं पोर वाचलं, पण बायको अजून तापानं अंथरुणावर आहे.”

“खरं आहे महाराज,” हैबती खाली मान घालून म्हणाला. “पण नियम मोडला तर नाव जप्त होते. माझं घर त्या नावेवर चालतं.”

नीलकंठाला राहवले नाही. “नियमात स्पष्ट सवलत दिली आहे! तू ऐकली नाहीस?”

“ऐकलं की. निषिद्ध म्हणजे बंद, एवढं कळलं. पुढचं काहीतरी मंत्रासारखं होतं.”

आचार्य म्हणाले, “नीलकंठा, हैबतीच्या शेजारी जाऊन उभा राहा.”

“मी? आरोपीच्या जागी?”

“होय. आणि तुझा नियम त्याला समजावून सांग. मात्र त्यात लिहिलेला एकही शब्द वापरायचा नाही.”

सभेत कुजबुज झाली. नीलकंठाचा चेहरा लाल झाला. “रात्रौ जलप्रवास वर्ज्य असला, तरी जीवितास अपाय संभवत असल्यास...” हैबती नुसता पाहत राहिला. नीलकंठ अडखळला, थांबला, त्याने पुन्हा सुरुवात केली. अखेर वैतागून म्हणाला, “अरे, कुणाच्या जिवावर बेतलं असेल, तर रात्रीसुद्धा नाव सोडायची! तुला कुणी काही करणार नाही!”

हैबतीने मान वर केली.

“म्हणजे मी तिला नेऊ शकत होतो?”

आचार्यांनी होकारार्थी मान हलवली.

“मी दोर सोडला होता महाराज. सोडला, आणि परत बांधला.” त्याने खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसले. इतका वेळ धुमसत असलेला कुंभार पुढे झाला आणि त्याने हैबतीचा हात हातात घेतला.

नीलकंठाने दोघांपुढे हात जोडले.

आचार्य म्हणाले, “नीलकंठा, तुझ्या नियमात दया होती. ती तू मनापासून घातली होतीस, हे मी जाणतो. पण हैबतीपर्यंत पोचली ती फक्त भीती. मनाईचा शब्द माणसाला चटकन कळतो, कारण त्याच्या पाठीमागे शिक्षा उभी असते. सवलतीच्या पाठीमागे कुणीच उभे नसते. म्हणून तो शब्द सर्वांत सोपा हवा. यापुढे ज्यांच्यासाठी नियम आहे, त्यांना तो आधी वाचून दाखव. त्यांना कळला, तरच मी राजमुद्रेसाठी पाठवीन.”

हैबतीला त्यांनी दोषमुक्त केले. त्याच दुपारी तो पलीकडच्या तीरावरून वैद्याला नावेत घालून कुंभाराच्या घरी घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी नीलकंठ घाटावर गेला. कोळणी, नावाडी, धुणी धुणाऱ्या बायका जमल्या. त्याने नवा नियम वाचला. “रात्री नाव सोडू नये. मात्र कुणाच्या जिवावर बेतलं असेल, तर जरूर सोडावी. त्यासाठी शिक्षा नाही.”

मागून एका म्हातारीने विचारले, “आणि लेकरा, म्हैस अडली तर?”

लोक हसले. नीलकंठ हसला नाही.

“आजी, याचा मी विचारच केला नव्हता,” तो म्हणाला, आणि लेखणी हातात घेऊन तिच्याशेजारी पायरीवर बसला.