ढग किती दिवसांचे धरायचे?

"बाबा, ढग किती दिवसांचे धरू?"

सर्जेरावानं विचारलं. झिपरूबाबा मठीच्या ओट्यावर बसून वाती वळत होते.

गाव धारवाडी, खिंडीपलीकडचं. इथला वारा असा, की कावळा उलटा उडतो आणि तरीही वेळेवर घरी पोचतो. विजेचे खांब खिंडीपर्यंत आले, वाकून खाली पाहिलं आणि दमून तिथंच बसले. खोटं वाटत असेल तर खांबांना विचारा.

म्हणून आता सूर्यावरची वीज. ती आखायला आला गावचाच पोरगा सर्जेराव, साहेब होऊन. याच ओट्यावर पाढे घोकलेला, मग आईला घेऊन शहरात गेला तो गेलाच.

"ढगांचं मला काय विचारतोस?"

"ऊन पडलं नाही, तर साठवलेल्या विजेवर गावानं किती दिवस काढायचे, त्यावर बॅटरी ठरते. दोन धरले तर पुष्कळ. तशीही घरं निम्मीच."

"निम्मी?"

"काल खिंडीतून दिवे पाहिले, तर गाव भरलेलं. आज दारं पाहिली, तर निम्म्यांना कुलूप! वगळली ती. पॅनेलंही कमी लागतील." साहेब हसला. "रिकाम्या घराला कशाला हवाय उजेड?"

बाबांनी तेलाची बाटली उचलली.

"चल. दिवेलागण झाली."

गल्लीत एकेका कुलपाखाली, उंबऱ्यावर, पणती तेवत होती. शेजाऱ्यांनी लावलेली. गेलेलं माणूस परतलं, तर त्याला आपलंच दार चाचपावं लागू नये म्हणून.

"ही रीत कधीची, बाबा? मी होतो तेव्हा नव्हती."

"तू होतास तेव्हा कुणी गेलंच नव्हतं."

...

गल्लीतलं शेवटचं दार. कुलपावर गंज. उंबऱ्याच्या दगडावर तेलाचा जुना, काळा डाग, पणतीच्या बुडाएवढा.

सर्जेरावाला दार ओळखायला जरा वेळ लागला. त्याचंच होतं.

बाबा वाकले. पणतीत वात ठेवली, तेल ओतलं, काडी ओढली. वाऱ्यानं विझवली. दुसरी ओढली. तीही गेली.

सर्जेराव बूट काढून खाली बसला. बाबांच्या हातांभोवती त्यानं आपले तळवे धरले.

ज्योत ठरली.

...

"बाबा... मग ढग किती दिवसांचे धरू?"

"तू किती दिवस दिसला नाहीस?"