कुठलीही गाय

“बाकी सगळं दिसतंय मला,” कोको नोलारी म्हणाली, “पण यात गाय कुठे आहे?”



महिनाभर डोळे फोडून केलेला हार सियानोईने नुकताच म्हातारीच्या मांडीवर ठेवला होता. ताटाएवढी मण्यांची चकती, मधे मान जाईल एवढं भोक. एक मणी इकडचा तिकडे नाही. आधी चौकटीच्या वहीत पट्टी लावून नक्षी काढली, मग मणी ओवले. नैरोबीला जाऊन सहा महिन्यांचा डिझाइनचा कोर्स केलेली त्या वस्तीत ती एकटीच होती, आणि हे ती कुणाला विसरू देत नसे.

“कोको, हा हार आहे,” ती म्हणाली.

कोको म्हणजे आजी. नोलारी काही तिची सख्खी आजी नव्हे. पण त्या झाडाखाली मणी ओवत बसणाऱ्या सगळ्या मासाई बायकांची ती कोकोच. सुई धरायला त्यांना तिनेच शिकवलेलं.

“हार आहे ते कळलं गं. रंगांचं सांग.”

हे सियानोईला तोंडपाठ होतं. प्रवाशांची गाडी थांबली की पुढे होऊन तीच सांगायची.

“लाल म्हणजे रक्त. पांढरा म्हणजे दूध. हिरवा म्हणजे गवत. निळा म्हणजे आभाळ, म्हणजे पाऊस.”

“बरं. पाऊस आहे, गवत आहे, रक्त आहे, दूध आहे...” कोकोने हार उलटा केला आणि मागच्या बाजूला वाकून बघितलं. “मग गाय कुठे गेली?”

शेजारी बसलेली नाशिपाए फिसकन हसली. तिच्या पलीकडची रेसियातो हसली नाही, पण तिची सुई थांबली.

दुपार टळटळीत होती. दूर किलिमांजारोचा खालचा भाग उन्हाच्या वाफेत विरघळून गेला होता, आणि वरचा बर्फाचा तुकडा नुसताच हवेत राहिला होता, कुणीतरी ठेवून विसरल्यासारखा. मैदानावरून चार शहामृगं चालली होती. त्यांना पाय नव्हते. त्या वेळेला तिथे कुणालाच पाय नसतात.

“कोको, शुक्रवारी मुतुआ येणार आहे,” सियानोई म्हणाली. “शहरातलं मोठं दुकान आहे त्याचं. तो एकच हार निवडणार. ज्याचा निवडेल त्याला वर्षभराचं काम. तू हो म्हटल्याशिवाय विक्रीच्या चादरीवर हार मांडता येत नाही, म्हणून आले. नुसतं हो म्हण.”

“...”

कोको बोलायला वेळ लावायची, कारण तिच्या एका गालात कायम वीस-पंचवीस मणी असत. लांबून आलेल्यांना वाटे, म्हातारी खोल विचार करतेय. खरं तर ती मणी गिळू नये म्हणून जपत असे.

“वर्षभराचं काम मिळालं,” कोको शेवटी म्हणाली, “तर काय करशील?”

“गाय घेईन.”

“तुझ्या घरात गायी नाहीत?”

“एकोणतीस आहेत. धार मी काढते, वासरं मी बांधते. पण त्या लेमायानच्या. उद्या त्याने विकायला काढल्या तर मला थांबवता येत नाही.” लेमायान तिचा नवरा. “मण्यांचे पैसे माझे. त्यातून आणलेली गाय माझी. तिच्यावर कुणाचा शब्द चालणार नाही. मला एक गाय हवीय, कोको. माझी.”

“कुठली?”

“कुठली म्हणजे?”

“रंग? शिंगं? अंगावर ठिपके आहेत, पट्टे आहेत, काय आहे?”

“काय फरक पडतो?” सियानोई वैतागून म्हणाली. “कुठलीही गाय चालेल.”

झाडाखाली सात बायका होत्या. सातही सुया थांबल्या.

मासाई बाईने ‘कुठलीही गाय’ म्हणणं म्हणजे आईला ‘कुणीतरी बाई’ म्हणण्यासारखं आहे. नाशिपाएने तोंडावर हात ठेवला. रेसियातोने, जवळपास ऐकणारी एखादी गाय नाही ना, म्हणून मागे वळून बघितलं.

कोको उठली. काठी टेकत आपल्या झोपडीत गेली, आणि हातात दोरी घेऊन आली. दोरीचं एक टोक तिने झाडाच्या मुळाला बांधलं. दुसऱ्या टोकाला फास होता. फासात काही नव्हतं.

“ही घे तुझी गाय,” ती म्हणाली.

सियानोई कधी फासाकडे, कधी म्हातारीकडे बघायला लागली.

“सांभाळ. शुक्रवारी बघू.”

आणि ती परत मणी ओवायला बसली.

सियानोईला वाटलं, आता सगळ्या हसतील. कुणीच हसलं नाही. तेच जास्त वाईट होतं.

थोड्या वेळाने नाशिपाए मान वर न करता म्हणाली, “सियानोई, तुझी गाय जरा सरकव बाई. उजेड अडतोय.”

“तुला वेड लागलंय का?”

“मला नको सांगू. तिला सांग.”

“माझ्या मण्यांच्या डब्यात तोंड घालतेय,” पलीकडून रेसियातो शांतपणे म्हणाली. “भुकेली दिसते. सकाळपासून काही घातलं नाहीस वाटतं तिला.”

“कोको!” सियानोई ओरडली. “तुम्ही सगळ्या मिळून माझी चेष्टा करताय!”

“हो,” कोको म्हणाली. “आता धार काढ.”

सियानोई तिथून निघून गेली. हार पोटाशी धरून, पाय आपटत. पन्नास पावलं गेली आणि थांबली. शुक्रवार तीन दिवसांवर होता. म्हातारीच्या ‘हो’शिवाय चादर नाही, चादरीशिवाय मुतुआ नाही, आणि मुतुआशिवाय... ती परत आली.

“भोपळा द्या,” ती म्हणाली.

नाशिपाएने दूध काढायचा वाळका, पोकळ भोपळा पुढे केला. अगदी गंभीर चेहऱ्याने.

सियानोई दोरीजवळ उकिडवी बसली. भोपळा गुडघ्यात धरला. हात पुढे केले आणि हवा पिळायला लागली. किती वेडगळ दिसत असेन मी, ती मनात म्हणत होती. कोर्समधल्या मैत्रिणींनी बघितलं तर...

पण हातांना सवय होती. सात वर्षांची असल्यापासून ते रोज सकाळ-संध्याकाळ हेच करत आले होते. त्यांना समोर काय आहे आणि काय नाही याच्याशी घेणं नव्हतं. ते आपले चालत राहिले. ऊन हलत होतं. माश्या गुणगुणत होत्या. हळूहळू तिचं डोकं जड झालं, आणि रोजच्यासारखं तिने कपाळ पुढे टेकवलं.

कपाळ पडलं नाही.

“कुठे टेकवलंस कपाळ?” मागून कोकोचा आवाज आला. खूप लांबून आल्यासारखा.

“पोटाला.”

“कसं आहे पोट?”

“पांढरं,” सियानोई म्हणाली.

...

आणि दचकून मागे झाली. भोपळा कोरडा होता. दोरीच्या फासात काही नव्हतं. सात बायका खाली मान घालून मणी ओवत होत्या.

“वर तांबूस आहे,” ती हळूच म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. “पोटाचं पांढरं वर चढत जातं आणि बरगडीपाशी तुटतं. बांडी आहे.”

“शिंगं?” रेसियातोने विचारलं.

“डावं वाकलंय. लहानपणी लागलं असणार.”

“हां,” रेसियातो म्हणाली. “म्हणूनच मघाशी डबा आडवा केला.”

दुसऱ्या दिवशी सियानोईने महिनाभर खपून केलेला हार मांडीवर घेतला, कात्री घेतली आणि दोरा कापला. मणी घरंगळून झोळीत पडले. नाशिपाएला बघवेना, तिने डोळे मिटले. सियानोईला विशेष काही वाटलं नाही. चौकटीची वही चुलीत गेली, चहा त्या दिवशी जरा लवकर उकळला.

मग ती दोरीसमोर बसली. एकदा समोर बघायची, एकदा हाताकडे. तांबड्याची एक मोठी पट्टी ओवली. ती जिथे तुटायला हवी होती तिथे पांढऱ्याने तोडली. कानाजवळ काळे तीन मणी. मधेच उठायची, जनावराच्या पलीकडे जाऊन बघायची आणि परत येऊन तीन ओळी उसवायची.

“का उसवलंस?” नाशिपाएने विचारलं.

“त्या अंगाला ठिपका आहे. काल ती या कुशीवर बसली होती, दिसला नाही.”

“असं होय.”

संध्याकाळी ती पाण्याचा कॅन घेऊन झाडाकडे चालली होती, तेव्हा लेमायान गुरं घेऊन परतत होता. धुळीत सगळं सोनेरी झालं होतं. गायी येत होत्या, त्यांच्या आजूबाजूला धूळ येत होती, आणि कुठली गाय आणि कुठली धूळ ते कळत नव्हतं. मासाई माणूस गुरं मोजत नाही. नुसता बघतो, आणि कमी असेल ती त्याला आठवते.

लेमायान काठीवर रेलून बराच वेळ बघत राहिला.

“आज एक जास्त वाटतेय,” तो म्हणाला.

सियानोईने कॅन खाली ठेवला.

“ती माझी आहे.”

हे वाक्य ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली. बोलून झाल्यावर तिला भीती वाटली. एकोणतीस गायींचा मालक आता काय म्हणेल?

लेमायानने कान खाजवला. परत एकदा कळपाकडे बघितलं.

“बरं,” तो म्हणाला. “पाणी जास्त पिते का?”

“जरा जास्तच.”

“चेहऱ्यावरूनच वाटलं.” आणि तो निघून गेला.

वही नव्हती, मोजमाप नव्हतं; दोन रात्री जागून शुक्रवारी सकाळी हार पुरा झाला. सियानोईने तो कोकोच्या मांडीवर ठेवला आणि श्वास रोखून उभी राहिली.

कोकोने हार बघितलाच नाही. तो उचलून सरळ सियानोईच्या गळ्यात घातला आणि म्हणाली, “खांदे हलव.”

सियानोईने लग्नात नाचतात तसे खांदे उडवले. चकती छातीवर उडाली, बसली, परत उडाली. कशी, ते सांगणं अवघड आहे. ओढ्यात उतरणाऱ्या जनावराची पाठ कशी हलते, तशी.

“मांड चादरीवर,” कोको म्हणाली.

मुतुआ दुपारी आला. पांढरीशुभ्र गाडी, चकचकीत बूट, हातात मोबाइल. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. चादरीवरून झरझर नजर फिरवत गेला, आणि सियानोईच्या हारापाशी थांबला. उचलला. खाली ठेवला. पुन्हा उचलला.

“याचा अर्थ काय?”

लाल म्हणजे रक्त, पांढरा म्हणजे दूध... सगळं तोंडाशी आलं होतं.

“डावं शिंग वाकलंय,” सियानोई म्हणाली. “पण स्वभावाने गरीब आहे.”

“हार?”

मुतुआने तिच्याकडे बघितलं, मग हाराकडे. “ठीक आहे. हाच घेतो. असे वीस पाहिजेत मला. पण ऐका ताई, अगदी असेच. दुकानात एका ओळीत लावायचेत. एक मणीही वेगळा नको.”

नाशिपाएने आनंदाने सियानोईचं मनगट आवळलं. वीस! वर्षभराचं काम, सगळ्यांना पुरेल एवढं. तीन दिवसांपूर्वीची सियानोई असती तर वही काढून नक्षीची मापंसुद्धा दाखवली असती.

तिने झाडाच्या मुळाकडे बघितलं. दोरी जमिनीवर सैल पडली होती. सावलीत कुणीतरी निवांत रवंथ करत होतं.

“असे वीस नाही होणार,” ती म्हणाली.

नाशिपाएची पकड सुटली.

“का नाही?” मुतुआने विचारलं.

“ही एकच आहे. वीस करून देईन मी. आम्ही सगळ्या मिळून देऊ. पण प्रत्येक वेगळी असेल.”

“वेगळी कशी? किती वेगळी?”

“ते आत्ता कसं सांगू? अजून आल्या नाहीत त्या.”

मुतुआने हार चादरीवर ठेवला. जपून ठेवला, पण ठेवलाच. “मग नाही जमणार, ताई,” तो म्हणाला. “माझ्याकडे गिऱ्हाईक एकसारखं मागतं.”

सियानोईने चादरीवरचा हार नीट सरळ केला. कोकोकडे बघायची तिला हिंमत होईना.

मुतुआ गाडीकडे निघाला. झाडाखालून गाडीपर्यंत वाट सरळ होती, दहा-बारा पावलांची. पण तो सरळ गेला नाही. मुळापाशी आल्यावर थबकला, डावीकडे झाला, आणि बसलेल्या जनावराच्या शेपटीवर पाय पडू नये म्हणून माणूस जसा वळसा घालतो तसा मोठा वळसा घालून गेला. मोबाइलवर बोलत बोलत. त्याच्या लक्षातही आलं नाही.

सात बायकांनी ते बघितलं.

गाडीचं दार उघडून तो उभा राहिला. आपण आलो त्या वाटेकडे त्याने मागे वळून बघितलं. मग बुटांकडे. मग पुन्हा वाटेकडे.

मोबाइल त्याने खिशात ठेवला आणि परत आला. येतानाही तेवढाच वळसा घालून.

“वेगळे तर वेगळे,” तो म्हणाला. स्वतःवरच थोडा वैतागल्यासारखा. “पण वीस पाहिजेत. वर्षाच्या आत.” त्याने हार उचलला, रुमालात गुंडाळला आणि गेला.

गाडीची धूळ मैदानावर कितीतरी वेळ तरंगत राहिली. डोंगर हवेत होता. शहामृगं बिनपायांची चालली होती.

सियानोई मटकन कोकोच्या पायाशी बसली.

“कोको... वीस!”

कोको नोलारीने डोळ्यांवर हात धरला आणि वस्तीकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

“मग कुंपण मोठं करावं लागेल,” ती म्हणाली.