चाळीस दिवस, पाच दारं

"म्हणजे आता तरी दीक्षा मिळणार ना, बाबा?"

दयाळगिरी बाबा मठाच्या ओट्यावर डाळ निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

प्राध्यापक रिसबूड घाईत होते. तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून मठात आलेले; पण निकालाची घाई परीक्षेला बसलेल्या पोराची.

मठाची अट साधी होती. चाळीस दिवस भिक्षा मागायची. गावातली पाच घरं, रोज एकच दार. कुठलं, ते आपण ठरवायचं नाही. पाय नेतील तिकडे जायचं.

"पायांनीच नेलं कशावरून?" बाबांनी विचारलं.

रिसबूड याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी झोळीतून वही काढली.

"रोजची नोंद आहे. पाचही घरी बरोबर आठ-आठ वेळा गेलो. माझी आवडनिवड असती, तर असं झालं असतं?"

छाती चांगली फुगली होती. का फुगू नये? वहीतली ओळ न् ओळ खरी होती.

"छान. एक सांगा, मास्तर. काल गेलात त्याच दारात आज परत, असं किती वेळा झालं?"

"एकदाही नाही!"

"आणि रोज चिठ्ठी उचलून गेला असतात तर?"

"सोपं आहे. पाच घरं, चाळीस दिवस... सात-आठ वेळा तरी कालचंच दार परत..."



बाबांनी डाळीतला खडा वेचून बाजूला टाकला.

"म्हणजे निघताना रोज कालचं दार आठवत होतं."



रिसबुडांनी वही मिटली. हेच गणित त्यांनी हजार पोरांना फळ्यावर घातलं होतं.

"कशाला आठवत होतं, मास्तर?"



"लाज वाटायची, बाबा. एकदा गेलं, की लोक म्हणतात, या सर. लागोपाठ दुसऱ्या दिवशी गेलं, की..."

"की?"

"की भिकारी."

बाबांनी सूप खाली ठेवलं.

"आज कुणाकडे गेला होतात?"

"खांबेट्यांकडे. त्यांची सून माझी जुनी विद्यार्थिनी. आजही सर म्हणून पाया पडली."

बाबा उठले. रिकामी झोळी त्यांनी स्वतःच्या हातानं रिसबुडांच्या खांद्याला अडकवली.

"उद्या पण तिथंच जा."