चारशे पानांतलं एक वाक्य

गावच्या वाचनालयात दाजी शेवडे दर रविवारी विज्ञान वाचन मंडळ भरवत. कोणीही यावं, सगळ्यांनी मिळून विज्ञानाचं चारशे पानी पुस्तक वाचावं आणि समजेल तेवढं घरी न्यावं. दाजी स्वतः बहुतेक वेळा नुसता चष्मा घेऊन घरी जात.

वाचनालयाचे अध्यक्ष नानासाहेब कोरगावकर यांना ती खोली कॅरमसाठी हवी होती. एका रविवारी ते येऊन थडकले. "सांगा पाहू, विश्वातलं ते न दिसणारं डार्क मॅटर कशाचं बनलंय?"

"माहीत नाही," मंडळातला शिंपी म्हणाला. पोस्टमनही तेच म्हणाला. गिरणीवाल्या सुमतीबाईंनी नुसती नकारार्थी मान हलवली.

"वर्षभर वाचून एवढंच? मग मंडळ बंद!"

दाजी उठले. "नानासाहेब, गेल्या वर्षी इथे प्रत्येकाकडे उत्तर होतं. माझ्याकडे तर दोन होती! जगातले मोठमोठे शास्त्रज्ञही आज 'माहीत नाही'पर्यंतच पोचलेत. आम्ही त्यांना वर्षभरात गाठलं. तुम्हाला उत्तर माहीत असेल तर सांगा, त्यांना लगेच कळवतो."

नानासाहेब दाराकडे वळले. "रविवार तुमचाच," म्हणत ते निघून गेले.

टाळ्या पडल्या. दाजी मात्र चिंतेत होते. चारशे पानांत त्यांना कळलेलं 'शास्त्रज्ञांनाही माहीत नाही' हे एकच वाक्य होतं, आणि तेही आता वापरून झालं होतं.