बोनेअर की केमन

“...मग बोनेअर की केमन? तुम्हीच सांगा दाजी. तुम्ही म्हणाल तिथं जातो.”

दाजी मेतर पाण्याखाली घालायचे चष्मे गोड्या पाण्यात विसळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“माका काय इचारतंस? मी गोव्याच्या फुडे गेलंय नाय.”

शिरीष ओगले हसला. म्हाताऱ्याचा विनय असेल, असं त्याला वाटलं. अकरा वर्षांपूर्वी याच देवबागच्या किनाऱ्यावर दाजींनी त्याला आणि त्याच्या बायकोला, नंदिताला, पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायला शिकवलं होतं. आता त्याच्या खाती एकशे ऐंशी बुड्या होत्या. अंदमान झालं, लक्षद्वीप झालं, मालदीव तर दोनदा. माणूस अर्ध्या हळकुंडानेही पिवळा होतो, इथे तर हळकुंड अख्खं होतं.

त्याने फाईल उघडली. कॅरिबियन समुद्रातल्या बेटांचे नकाशे, प्रवाहांचे तक्ते, कुठल्या महिन्यात पाणी किती नितळ.

“केमनला समुद्रात भिंत आहे. सरळ खाली जाते, तळ दिसतच नाही. बोनेअरला काय, किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं. उथळ. कासवं बघायची नि परत यायचं.”

“ती काय म्हणत होती?”

शिरीषने पान उलटलं.

“बोनेअर. होडीत तिला मळमळायचं ना... चार वर्षं आमचं तेच चाललं होतं. मी केमन, ती बोनेअर. दरवर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी ठरवू.”

मग फेब्रुवारी आला. आजार कळल्यापासून सव्वीस दिवस. आता पुढचं वर्ष आलं होतं आणि ठरवायला तो एकटाच उरला होता.

“तिच्यासाठीच जायचंय, दाजी. तिला आवडेल ते एकदा करायचंय. त्याशिवाय मला झोप लागायची नाही.”

“तर मगे बोनेअर.”

“हो, पण तिनं केमन पाहिलं कुठं होतं? एकदा पाहिलं असतं तर तीच म्हणाली असती...”

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. माणूस गेलं, भांडण तेवढं राहिलं, आणि शिरीष ते अजून जिंकायला बघत होता. हे त्याचं त्यालाही कळलं असावं, कारण तो मध्येच थांबला.



दाजींनी ओले हात लुंगीला पुसले आणि फाईल स्वतःकडे ओढली. नकाशे त्यांनी बघितले नाहीत. मागच्या कप्प्यात फोटो होते, ते एकेक करून पाहिले. एका फोटोशी थांबले.

होडीच्या काठावर नंदिता बसलेली. टाकी पाठीला बांधलेली. उजवा हात कोपरातून उलटा मुरगळून मानेमागे नेलेला, मान वाकडी, दात ओठांवर. काहीतरी चाचपडत होती. फोटोखाली शिरीषच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘बाईसाहेबांची पाठ खाजते आहे!’

“दर वेळी असलं काहीतरी चालायचं तिचं,” शिरीष म्हणाला. “मी कॅमेरा जुळवत असायचो, ही आपली अशी वेडीवाकडी. मी चिडवायचो, हसायची बापडी.”

दाजींनी फोटो पुष्कळ वेळ हातात धरला. मग जागेवर ठेवला.

“चल. पाण्यात उतरूया.”

“आत्ता? अहो, मी ठरवायला आलोय...”

पण दाजी होडीकडे निघाले होते.

किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर एक खडक आहे. तिथे दोन पुरुष खोल पाणी. दाजींनी नांगर टाकला आणि टाकी शिरीषपुढे सरकवली. स्वतः मात्र नुसता चष्मा लावून पाण्यात शिरले आणि नांगराचा दोर धरून वाट बघत राहिले.

शिरीषने सराईतपणे सामान चढवलं. पट्टा ओढला. कमरेची शिशाची वजनं बघितली. धुरकटू नये म्हणून चष्म्याच्या काचेला थुंकी चोळली. बघणाऱ्याने म्हणावं, हा माणूस पाण्यातच जन्मला.

दाजींची एक रीत जगावेगळी होती. बाकी सगळीकडे टाकी अंगावर चढवायच्या आधीच, तिच्या डोक्यावरची चावी फिरवून, उघडतात. दाजी पहिल्या दिवशी प्रत्येक जोडीला सांगत, “आपली टाकी आपण उघडूची नाय. जोडीदाराची आपण उघडूची, आपली जोडीदारान.” आपला श्वास दुसऱ्याच्या हातात देता आला पाहिजे, तरच खाली जायचं. ओगले नवरा-बायकोने ती सवय पुढे सगळीकडे नेली होती.

शिरीषने नळी तोंडात धरली आणि पाठीवर पाण्यात झोकून दिलं.

हिरवं पाणी डोक्यावर मिटलं. त्याने श्वास ओढला.

काही आलं नाही.

पुन्हा ओढला. नळी भिंतीसारखी घट्ट. वर यायला अंगातल्या फुगत्या जाकिटात हवा भरावी तर तीही त्याच टाकीतून यायची. शिसं त्याला खाली नेत होतं. एकशे ऐंशी बुड्यांत शिकलेलं सगळं क्षणात पुसलं गेलं, आणि त्याने डावा हात बाजूला फेकला, जिथे नंदिता असायची तिकडे.

तेवढ्यात कॉलरला एक हाडाळ हात बसला. मानेमागे चावी फिरली. छातीत हवा घुसली.

दाजींनी त्याला होडीत घेतलं. तो बराच वेळ खोकत राहिला.

“टाकी बंद होती,” तो म्हणाला. “तुम्ही... तुम्ही बघितलं होतंत?”

“होय.”

“मग बोलला नाहीत?”

“तू इचारलंस खंय? तू बेटां इचारत होतंस.”

शिरीषने तोंड दोन्ही हातांत लपवलं. होडी हलत होती. पाणी ठिबकत होतं. आता तो खोकत नव्हता, रडत होता. तेराव्यालासुद्धा जे आलं नव्हतं ते रडू आता आलं, लहान मुलासारखं, हुंदके देत.

“नंदिता उघडायची, दाजी. माझी टाकी... अकरा वर्षं तीच उघडायची. मला कधी बघावंच लागलं नाही. एकदासुद्धा विसरली नाही ती.”

दाजींनी आपला कोरडा पंचा त्याच्या खांद्यांवर घातला. त्याचे हुंदके थांबू दिले.

मग अगदी हळू विचारलं,

“आणि तिची टाकी, रे?”