एका चावीवर तिघं

शिरोळीच्या एका वर्कशॉपमध्ये आण्णाप्पा मगदूम जुन्या लेथवर टर्नर होते. नवे मॅनेजर रणनवरे साहेब आले तेच सुधारणा घेऊन.

"लेथवर लोखंड पकडणारा तो फोर-जॉ चक भंगारात टाका. चार जबडे, चौघांची तोंडं चार दिशांना! हा नवा थ्री-जॉ बघा. एक चावी फिरवली की तिन्ही जबडे एकदम सरकतात. माणसंसुद्धा अशीच पाहिजेत."

सुपरवायझर आणि स्टोअरकीपरनं लगेच माना डोलावल्या. त्या रोजच डोलायच्या.

तेवढ्यात साखर कारखान्याच्या पंपाचा शाफ्ट दुरुस्तीला आला. गाळप थांबलेलं, गाडी दारात उभी. साहेबांनी शाफ्ट स्वतः नव्या चकात पकडला. आण्णाप्पांनी मोजायचा डायल लावून शाफ्ट हळूच फिरवला, तर काटा आठ घरं हलला; म्हणजे शाफ्ट मधोमध बसला नव्हता. साहेबांनी चावी आणखी आवळली. काटा पुन्हा आठच घरं हलला.

आण्णाप्पांनी जुना चक चढवून शाफ्ट त्यात पकडला. एक जबडा सैल केला, समोरचा आवळला, आणि थोड्याच वेळात काटा जागचा हलेना.

"मग नव्यात बिघडलं काय?" साहेब चिडून म्हणाले.

"बिघडलं काहीच नाही, साहेब," आण्णाप्पा हात पुसत म्हणाले. "तिघं एकाच चावीवर हलतात. त्यामुळं चुकले की तिघंही मिळून चुकतात, आणि एकट्याला माघार घेता येत नाही."

सुपरवायझर आणि स्टोअरकीपरच्या माना सवयीनं डोलल्या. साहेबांची तेवढी जागची हलली नाही.